मुंबईत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी : राहणे, आरोग्य आणि महाविद्यालयातील सोयी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जून उजाडला की लातूर, नंदुरबार, सिंधुदुर्ग, गडचिरोली अशा ठिकाणांहून मुले-मुली बॅगा घेऊन दादर, कुर्ला आणि ठाण्याला उतरतात, आणि त्यानंतरचे काही महिने आमच्याकडे त्याच त्या शंका येत राहतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या शंका येथे एकत्र केल्या आहेत. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. नियमांचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात किंवा परिपत्रक अवश्य वाचावे.

१. महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहही मिळते का?

नाही. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, त्याची मुदत वेगळी असते आणि निवडही वेगळी होते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य महाविद्यालयांना स्वतःचे वसतिगृहच नाही. विद्यापीठाची वसतिगृहे प्रामुख्याने त्याच्या स्वतःच्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी आहेत आणि तेथील जागाही मागणीच्या मानाने फार थोड्या आहेत. पवईची आयआयटी ही मूळची निवासी संस्था असल्यामुळे तेथील अनुभव ऐकून इतरांनी अपेक्षा बांधू नयेत. निवड करताना साधारणपणे गुणवत्ता, आरक्षण आणि मूळ गावाचे अंतर पाहिले जाते. प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात ‘वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो आणि कोठे मिळतो’ एवढे विचारून ठेवावे, कारण अनेकांची संधी जागा नसल्यामुळे नव्हे, तर अर्जाची तारीख उलटून गेल्यामुळे हुकते.

२. शासकीय वसतिगृह आणि महाविद्यालयाचे वसतिगृह एकच का?

एक नव्हे. शासकीय वसतिगृहे राज्य शासनाचे विभाग चालवतात : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभाग, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभाग, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती यांच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग. तेथे राहणे आणि जेवण विनामूल्य असते, मात्र उत्पन्नाची मर्यादा असते. तुम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकत असलात तरी तेथे अर्ज करू शकता. महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा अर्ज भरला म्हणून हा अर्ज सोडू नये, दोन्ही भरावेत. यांखेरीज मुंबईत विविध धर्मादाय न्यासांची आणि ज्ञातिसंस्थांची जुनी वसतिगृहे आहेत, त्यांच्या जाहिराती मोठ्या नसतात. आपल्या तालुक्यातून पूर्वी मुंबईत शिकून गेलेल्या एखाद्या दादाला किंवा ताईला विचारणे हाच तेथवर पोहोचण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

३. वसतिगृहात नंबर लागला नाही. बाहेर खोली घेतल्यास शासनाकडून काही मदत मिळते का?

मिळते, आणि ही माहिती ज्यांना सर्वांत जास्त हवी असते त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहाला पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्यांना या योजनांतून थेट बँक खात्यात रक्कम दिली जाते. मुंबईसारख्या महानगरासाठी ती वर्षाला ६०,००० रुपये आहे : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. स्वाधारसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे.

अर्ज अडकतात ते बहुधा तीन ठिकाणी. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तेथलाच स्थानिक रहिवासी असेल तर त्याला लाभ मिळत नाही, त्यामुळे पालकांचा पत्ता आणि कागदपत्रांवरचा पत्ता जुळायला हवा. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही. आणि आपण खरोखर बाहेर राहतो हे दाखवण्यासाठी भाडेकरार किंवा तत्सम पुरावा मागितला जातो. तोंडी व्यवहारावर खोली घेतलेल्यांची अडचण येथे सुरू होते (प्रश्न ५ पाहा). रक्कम हप्त्यांनी येते आणि सत्र सुरू झाल्यानंतर बऱ्याच काळाने येते, हे गृहीत धरून पहिल्या काही महिन्यांची सोय वेगळी करून ठेवावी.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून करायचा असतो. मुलींसाठी आणखी एक गोष्ट : शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी शुल्काची आहे, वसतिगृहाच्या खर्चाची नाही.

४. पेइंग गेस्ट म्हणून राहणे आणि लिव्ह अँड लायसन्सवर खोली घेणे यांत फरक काय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार, मालक ज्या घरात स्वतः राहतो त्याच घराचा काही भाग ज्याला वापरायला दिला जातो तो पेइंग गेस्ट. मालक दुसरीकडे राहतो आणि संपूर्ण फ्लॅटमध्ये आठ खाटा टाकून दर खाटेमागे पैसे घेतो, त्यालाही बाजारात ‘पीजी’च म्हणतात, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये ठरावीक मुदतीसाठी, बहुधा अकरा महिन्यांसाठी, जागा वापरण्याचा परवाना मिळतो. पहिल्या वर्षी शहराची ओळख नसताना कुटुंबाबरोबर पेइंग गेस्ट राहणे सोयीचे पडते. तीन-चार मित्र जमले आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक कळले की मिळून फ्लॅट घेणे परवडते. खाटांच्या पीजीमध्ये जायचे असेल तर पैसे देण्यापूर्वी एकदा सकाळी आठच्या सुमारास जाऊन पाहावे. पाणी किती वेळ येते आणि न्हाणीघराबाहेर किती जण उभे असतात, हे संध्याकाळी दाखवलेल्या खोलीत कळत नाही.

५. मालक म्हणतो, ‘करार नोंदवायची गरज नाही, विश्वासावर राहा.’ काय करावे?

करार नोंदवूनच घ्यावा. वर सांगितलेल्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद निर्माण झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. म्हणजे नोंदणी टाळण्यात खरा धोका मालकाचा आहे, आणि हे शांतपणे समजावून सांगितल्यावर अनेक मालक तयार होतात.

खर्चाची भीती असेल तर तोही पाहावा. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्याच्या, अनामत रकमेवरील मानीव (गृहीत धरलेले) व्याज धरून, ०.२५ टक्के असते आणि महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये असते; चौघांत वाटल्यास ही रक्कम फार नाही. नोंदणी ऑनलाइन होते, तीत आधारच्या साहाय्याने अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हेही मालकाचे काम आहे. ती ऑनलाइन देता येते. ‘पोलिसांचे काम’ म्हणून दलालाने वेगळे पैसे मागितले तर ते कशाचे, याची पावती मागावी.

६. सोसायटी म्हणते, ‘विद्यार्थी चालणार नाहीत.’ तिला तसा अधिकार आहे का?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते. पूर्वपरवानगीची अट नाही. संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः तेथे राहत नसल्याबद्दलचे शुल्क) घेऊ शकते, परंतु तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. हा वाद मालक आणि संस्था यांच्यातला आहे. विद्यार्थ्याने समितीशी भांडत बसू नये, मालकाला पुढे करावे. मालक पुढे येण्यास तयार नसेल तर ती जागा सोडून दुसरी पाहणे बरे, कारण वर्षभर जिन्यात अडवले जाणे अभ्यासाला परवडत नाही.

७. खोली सोडली, पण डिपॉझिट परत मिळत नाही.

नोंदणीकृत करारात अनामत रकमेचा आकडा असतो आणि तोच तुमचा पुरावा असतो. रक्कम नेहमी बँकेतून द्यावी. राहायला जाताना भिंती, नळ, पंखे, गादी यांची छायाचित्रे काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावीत आणि सोडताना पुन्हा काढावीत, म्हणजे रंगरंगोटीच्या नावाखाली होणाऱ्या कपातीला उत्तर देता येते. जागा सोडण्याची सूचना करारात असलेल्या मुदतीपूर्वी लेखी द्यावी. जे पैसे हातोहात दिले आणि ज्यांची नोंद कोठेच नाही, ते परत मिळवणे फार कठीण जाते. अशी मुले रडवेली होऊन येतात तेव्हा सांगण्यासारखे आमच्याकडेही थोडेच असते.

महाविद्यालयाने घेतलेली अनामत रक्कम वेगळी. प्रवेश रद्द केला तरी शुल्कात न मोडणारी अनामत पूर्ण परत करावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तिच्यासाठी मूळ पावती जपून ठेवावी.

८. खासगी वसतिगृह भाड्यावर जीएसटी लावते. तो द्यावा लागतो का?

जुलै २०२४ पासून, दरमहा प्रतिव्यक्ती २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासावर, सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य असल्यास, जीएसटी माफ आहे. तुमचे भाडे या मर्यादेत असेल आणि तुम्ही सत्रभर राहणार असाल तर करासह आकारलेल्या बिलाबद्दल लेखी विचारणा करावी.

९. आजारी पडलो तर आधी कोठे जावे?

महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या आवारात आरोग्य केंद्र असेल तर तेथे. नसेल तर बृहन्मुंबई महानगरपालिकेचा जवळचा दवाखाना किंवा ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’. तेथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. त्यापुढची पायरी पालिकेची उपनगरी रुग्णालये. कालिना आणि सांताक्रूझ भागात राहणाऱ्यांना व्ही. एन. देसाई रुग्णालय जवळ पडते, वांद्र्याला भाभा, विलेपार्ले-जुहूला कूपर, घाटकोपरला राजावाडी. मोठी रुग्णालये म्हणजे परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही पालिकेची; भायखळ्याचे जे. जे. आणि दक्षिण मुंबईतील जी. टी., सेंट जॉर्ज व कामा ही राज्य शासनाची आहेत.

साध्या सर्दी-तापासाठी थेट केईएमला जाऊ नये. तेथे दिवस जाईल आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांची रांग लांबेल. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, म्हणून केस पेपर काढायला लवकर पोहोचावे आणि तो केस पेपर फेकून न देता जपून ठेवावा. पुढच्या खेपेला डॉक्टर आधीचे उपचार त्यावरच पाहतात, आणि हजेरीच्या प्रश्नातही तो उपयोगी पडतो (प्रश्न १८). अपघात किंवा तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस व इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. खोलीतल्या प्रत्येकाने आपला रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या एका व्यक्तीचा क्रमांक कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लावावा. मोबाइल कुलूपबंद असतो आणि बेशुद्ध माणूस तो उघडून देऊ शकत नाही.

१०. शिधापत्रिका गावी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजनेचा लाभ मुंबईत मिळेल का?

मिळेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे, आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते. शिधापत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव असणे महत्त्वाचे. शिक्षणासाठी बाहेर गेला म्हणून गावी नाव कमी करून घेतलेल्यांची येथे अडचण होते. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ असतो, दाखल होताना आधी त्याला भेटावे. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि किरकोळ औषधोपचार या योजनेत येत नाहीत. याशिवाय महाविद्यालयाच्या फीच्या पावतीवर गट विम्याची छोटी रक्कम आहे का ते पाहावे. असल्यास पॉलिसीत काय समाविष्ट आहे याची प्रत कार्यालयाकडून मागून घ्यावी.

११. पावसाळ्यात ताप आला तर किती दिवस थांबावे?

थांबू नये. जून ते ऑक्टोबर या काळात मुंबईत तापाचा अर्थ मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस असा होऊ शकतो, आणि रक्ततपासणीशिवाय तो ओळखता येत नाही. पालिकेच्या दवाखान्यांत मलेरियाची तपासणी आणि उपचार मोफत होतात. ताप असताना पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक मनाने घेऊ नये. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असेही समजू नये, कारण गुंतागुंत बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होते : पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी रुग्णालयात जावे.

व्हायवॅक्स मलेरियाबद्दल मुद्दाम सांगतो. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून रक्तातील जंतू मारणाऱ्या औषधानंतर चौदा दिवसांचे दुसरे औषध दिलेले असते. तिसऱ्या दिवशी ताप जातो, परीक्षा जवळ आलेली असते, गोळ्या उशाशी तशाच राहतात, आणि काही आठवड्यांनी तोच विद्यार्थी पुन्हा थंडी वाजून आडवा होतो. हे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. गोळ्या पूर्ण घ्याव्यात.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. उंदीर, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात या रोगाची मोठी लाट आली होती. अशा पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. कोणी कोणते आणि किती घ्यावे ते डॉक्टरच ठरवतात.

१२. दोन आठवड्यांपासून खोकला आहे. टीबी निघाला तर वसतिगृहातून काढतील का?

ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळेच अनेक जण तपासणी टाळतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटणारे वजन असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती आणि पुढची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. संसर्गाची शक्यता कमी होईपर्यंत वेगळी खोली किंवा घरी जाण्याची मुभा मागणे योग्य आहे. रेक्टरला डॉक्टरांचे पत्र दाखवून, पुन्हा रुजू होण्याची तारीख त्यातच लिहून घ्यावी. आजार आहे एवढ्याच कारणाने जागा कायमची काढून घेतली तर प्रश्न २० मधील मार्गाने तक्रार करावी. खोकला लपवून त्याच खोलीत चौघांबरोबर राहणे हा सर्वांत घातक पर्याय आहे.

१३. मेसच्या जेवणाबद्दल तक्रार कोणाकडे करायची?

आधी मेस समितीकडे आणि रेक्टरकडे, लेखी, तारीख आणि छायाचित्रासह. कंत्राटदाराकडे अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी असणे बंधनकारक आहे. अन्न दूषित असल्याची शंका असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवता येते. एकाच रात्री अनेकांना उलट्या-जुलाब झाले तर तक्रार नंतर, आधी रुग्णालय. गावी जाण्यापूर्वी मेसचे खाडे लेखी कळवले नाहीत तर बिलातून वजावट मिळत नाही. परत आल्यावर सांगून उपयोग नसतो.

१४. मन लागत नाही, झोप येत नाही. समुपदेशकाकडे गेलो तर घरी कळवतील का?

तुमचे वय १८ पूर्ण असेल तर सामान्यतः नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद करता येतो. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत ‘तुम्ही काय लिहून ठेवता आणि ते कोण पाहते’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अकरावी-बारावीच्या किंवा १८ पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्यांच्या उपचारात पालकांना सहभागी करून घेतले जाते.

महाविद्यालयात समुपदेशक नसेल, किंवा तेथे ओळखीचे कोणी पाहील असे वाटत असेल, तर टेली-मानस ही केंद्र शासनाची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा ९१५२९८७८२१ या क्रमांकावर ठरावीक वेळेत प्रशिक्षित समुपदेशक देते. केईएम, नायर, शीव या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तेथील उपचार खासगी दवाखान्याच्या मानाने अत्यल्प खर्चात होतात. गावाकडून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजीतून चाललेले वर्ग, लोकलची गर्दी आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचे एकत्रित ओझे होते. ते सांगायला जाणे म्हणजे दुबळेपणा नव्हे; पाय मुरगळल्यावर दवाखान्यात जातो तितकीच ती साधी गोष्ट आहे.

१५. खोलीतला मित्र जीव देण्याच्या गोष्टी करतो. मी काय करू?

त्याला एकटे सोडू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. त्याच्याजवळ बसून शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने येत नाही. रेक्टरला रात्रीसुद्धा उठवा, १४४१६ वर दोघांनी मिळून बोला, आणि धोका तत्काळ असेल तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. पोलीस केस होईल या भीतीने उशीर करू नका : २०१७ च्या त्याच कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र मानसिक ताण होता असे गृहीत धरते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देते.

१६. रॅगिंग कशाला म्हणायचे? सीनियर ‘ओळख करून घेतात’ एवढेच म्हणतात.

ज्या ओळखीला नाही म्हणता येत नाही ती ओळख नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्य संस्थेतही प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार, गुन्हा घडल्याचे दिसल्यास संस्थेने २४ तासांत पोलिसांत तक्रार द्यायची असते. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी अहोरात्र चालते. संस्थेने प्रकरण आपापसांत मिटवायला सांगितले तरी तुमची तक्रार करण्याची मुभा संपत नाही.

१७. लैंगिक छळाची तक्रारही तेथेच करायची का? आणि मुलींच्या वसतिगृहालाच रात्रीची वेळ का?

लैंगिक छळासाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. चौकशी चालू असताना वर्ग किंवा वसतिगृह बदलून मागता येते. आयोगाच्या २०१५ च्या नियमांचे संरक्षण मुलग्यांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही आहे.

त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे : सुरक्षेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांच्या तुलनेत भेदभाव करणारे नियम लावू नयेत. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींचे फाटक आठला बंद, अशी स्थिती असेल तर या नियमाचा उल्लेख करून सामूहिक निवेदन द्यावे.

१८. आजारपणात हजेरी कमी भरली. वैद्यकीय दाखला दिला की परीक्षेला बसता येते ना?

आपोआप नाही. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. खऱ्या कारणासाठी कमतरता माफ करण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे, पण दाखला हा त्या निर्णयाचा आधार असतो, हक्क नव्हे. सत्राच्या शेवटी आणलेल्या दाखल्याकडे संशयाने पाहिले जाते. आजारी असतानाच अर्ज ई-मेलने पाठवावा आणि बरे झाल्यावर केस पेपरसह मूळ दाखला देऊन पोच घ्यावी. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. त्यासाठी परीक्षेच्या बऱ्याच आधी अर्ज करावा.

१९. गर्भपातासाठी पालकांची किंवा जोडीदाराची संमती लागते का?

वय १८ पूर्ण असेल तर फक्त त्या स्त्रीची संमती पुरते. लग्न झालेले असो वा नसो. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. पालिका व शासनाच्या रुग्णालयांत ही सेवा आहे. गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून खोलीत एकटीने घेऊ नयेत. १८ पूर्ण नसेल तर पालकाची लेखी संमती लागते.

२०. सगळीकडे अर्ज दिले, कोणी दाद देत नाही. वर कोणाकडे जायचे?

आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते आणि त्याने ३० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे. शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह, निकाल हे विषय येथे येतात. रॅगिंग व लैंगिक छळ यांचे मार्ग वेगळे आहेत (प्रश्न १६ व १७), आणि खासगी मालकाशी झालेला वाद येथे चालत नाही (प्रश्न ७). अर्जाची प्रत जवळ ठेवून तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. अपिलाची मुदत मोजायची तर हातात तारीख हवी.

२१. एक वर्ष ड्रॉप घेतला आहे. वसतिगृह, रेल्वेचा सवलतीचा पास, स्वाधार हे चालू राहते का?

या तिन्हींचा आधार एकच आहे : चालू वर्षाचा नियमित प्रवेश. रेल्वेच्या पाससाठी संस्थेने दिलेला सवलतीचा अर्ज लागतो, तो घराजवळच्या स्थानकापासून संस्थेजवळच्या स्थानकापर्यंतच चालतो आणि प्रवासात ओळखपत्र जवळ असावे लागते. प्रवेश नसेल तर अर्ज मिळत नाही, आणि जुन्या ओळखपत्रावर प्रवास केल्यास दंड होतो. वसतिगृह आणि निर्वाहाच्या योजना यांचेही तसेच आहे. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात प्रवेश झाला असेल तर तुम्ही नियमित विद्यार्थी आहात आणि पास मिळतो. वसतिगृहाचे मात्र गुणांचे स्वतंत्र नियम असू शकतात, ते आधी विचारावेत. आजारपणामुळे वर्ष गेले असेल तर खोली रिकामी करण्यापूर्वी पुनःप्रवेशाबद्दल रेक्टरकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याला उपचारांची कागदपत्रे जोडावीत. सामान ठेवायला महिनाभराची मुदत मागितली तर बहुतेक ठिकाणी ती मिळते.